धन की ऋण : मुख्य घटक विश्लेषणातल्या चिन्हांविषयी
(प्रस्तावना)

समजा, ज्वारीच्या काही वाणांची मापं एका तक्त्यात भरली आहेत: रोपाची उंची, फुलोऱ्यापर्यंतचे दिवस, कणसाची लांबी, हजार दाण्यांचं वजन, धान्याचं उत्पन्न, कडब्याचं उत्पन्न. हा तक्ता 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये चालवला तर दुसऱ्या घटकावर धान्याचा भार धन येतो आणि कडब्याचा ऋण. तोच तक्ता, एकही आकडा न बदलता, पायथनमध्ये चालवला तर कडबा धन होतो आणि धान्य ऋण. दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत आकडे तेच असतात, फक्त चिन्हं उलटलेली असतात. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी इथे हमखास अडकतो. आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. तो तक्ता पुन्हा तपासतो, नोंदवहीतले आकडे पुन्हा टंकतो आणि शेवटी मार्गदर्शकाला विचारतो, "सर, यातलं बरोबर कोणतं?"

दोन्ही बरोबर आहेत. हे उत्तर एका वाक्यात संपतं, पण तेवढ्याने विद्यार्थ्याचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. दोन्ही बरोबर असतील तर 'दुसऱ्या घटकावर जास्त गुण मिळवणारी वाणं निवडावीत' या वाक्याला अर्थ काय उरला? एका प्रोग्रॅमच्या भारांवरून घटकाचा अर्थ लावला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या गुणांवरून वाणं निवडली, तर धान्यासाठी म्हणून निवडलेली वाणं कडब्याची निघतील. चूक कुठल्याच प्रोग्रॅमची नसेल. या एका प्रश्नाचा धागा धरून मुख्य घटक विश्लेषणाचं अख्खं शास्त्र उलगडता येतं असं मला वाटतं, म्हणून हे पुस्तक लिहिलं.

ते कोल्हारला बसून लिहिलं, यालाही कारण आहे. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावरचं हे गाव भगवतीदेवीच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. पण गावाच्या एका अंगाला लोणी आहे, तिथे सहकारी साखर कारखान्याच्या पाठोपाठ वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि शेतीची महाविद्यालयं उभी राहिली. दुसऱ्या अंगाला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. या पट्ट्यातल्या गावोगावची मुलं-मुली ऊस, ज्वारी, डाळिंब, रक्तातली साखर, शाळेतले गुण अशा विषयांवर प्रबंध लिहितात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रबंधांत मुख्य घटक विश्लेषणाचं एखादं तरी प्रकरण असतं. यांतले कित्येकजण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत. त्यांना बटण कुठलं दाबायचं ते कुणीतरी दाखवतं. पण बटण दाबल्यावर आत काय घडतं, हे मराठीत सविस्तर वाचायला फार थोडं मिळतं.

आधी मूळ कल्पना पाहू. पुष्कळ मापं एकमेकांशी बांधलेली असतात. उंच ऊस बहुधा वजनदारही असतो, म्हणजे उंची आणि वजन ही दोन मापं मिळून पूर्ण दोन गोष्टी सांगत नाहीत, दीड-पावणेदोन सांगतात. मग या मापांची अशी बेरीज करावी की जिच्यात रोपारोपांतला फरक, म्हणजे प्रचरण, जास्तीत जास्त सामावेल. तो पहिला घटक. उरलेल्या फरकातून, पहिल्याशी काटकोनात राहून, पुन्हा जास्तीत जास्त टिपणारी बेरीज म्हणजे दुसरा घटक. असंच पुढे. प्रत्येक मापाला त्या बेरजेत जे वजन मिळतं तो त्याचा भार, आणि प्रत्येक रोपाची जी बेरीज येते तो त्या रोपाचा गुण.

हातानेच करून पाहू. उंची आणि वजन ही दोन मापं प्रमाणित केली, म्हणजे सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन १ केलं, आणि त्यांचा सहसंबंध ०.६ आहे असं धरलं. मग पहिल्या घटकाचे भार (०.७०७, ०.७०७) येतात आणि त्याचं आयगेन मूल्य, म्हणजे त्या घटकाने टिपलेलं प्रचरण, १.६ असतं. दुसऱ्याचे भार (०.७०७, -०.७०७) आणि आयगेन मूल्य ०.४. एकूण प्रचरण २, त्यातलं ८० टक्के पहिल्या घटकाने उचललं. आता ज्या रोपाची उंची सरासरीपेक्षा १ ने जास्त आणि वजन २ ने जास्त आहे, त्याचा पहिला गुण ०.७०७ गुणिले ३, म्हणजे २.१२१, आणि दुसरा -०.७०७. गुणांवरून परत मूळ मापांकडे यायचं तर प्रत्येक गुणाला त्याच्या भाराने गुणून बेरीज करायची. उंची १.५ वजा ०.५, म्हणजे १. वजन १.५ अधिक ०.५, म्हणजे २. मापं जशीच्या तशी परत मिळाली.

आता पहिल्या घटकाचे दोन्ही भार ऋण करा: (-०.७०७, -०.७०७). रोपाचा गुण -२.१२१ होईल. परत येताना ऋणाला ऋणाने गुणलं की तेच १.५. आयगेन मूल्य १.६ च, ८० टक्केही तेच. समीकरणात भार कुठेही एकटा येत नाही. एकतर त्याचा वर्ग येतो, नाहीतर तो आपल्या गुणासोबत येतो, आणि दोन्ही ठिकाणी चिन्ह विरघळून जातं. म्हणून गणिताला धन-ऋणाचा निर्णय करताच येत नाही. कोल्हारला शून्य धरून नगर-मनमाड रस्त्यावर अंतरं मोजायची झाली तर नगरकडची धन धरा किंवा मनमाडकडची. रस्ता, अंतरं आणि मधली गावं तीच राहतात. मात्र एकदा नगरची बाजू धन धरली की राहुरीही धनच लिहावी लागते. घटकाचंही असंच आहे. चिन्ह उलटायचं तर त्या घटकाचे सगळे भार आणि सगळे गुण एकदम उलटायचे, यातलं एकच उलटलं तर हिशेब मोडतो. घटक पाच असतील तर प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे एकाच तक्त्याची ३२ उत्तरं निघतात, आणि सगळी अचूक असतात.

ही संदिग्धता शास्त्राच्या जन्मापासून आहे, पण जन्माच्या वेळी ती कुणाला दिसली नव्हती, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ साली बिंदूंच्या पुंजक्याला सर्वांत जवळून जाणारी रेषा आणि प्रतल कसं शोधावं यावर निबंध लिहिला. पिअर्सन रेषा शोधत होते. रेषेला दोन टोकं असतात, पण तिला पुढची आणि मागची बाजू नसते, त्यामुळे चिन्हाचा प्रश्नच उभा राहत नाही. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ साली याच गणिताला आज रूढ असलेलं नाव आणि रूप दिलं, आणि तो निबंध शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यांना रेषा नको होती, त्यांना मुलांच्या चाचण्यांमागे दडलेली राशी हवी होती, म्हणजे प्रत्येक मुलाला एक आकडा. आकडा म्हटला की कमी-जास्त आलं, आणि त्यापाठोपाठ धन-ऋण आलं. वाचन आणि गणिताच्या चाचण्यांतून पहिला घटक एकूण कुवतीचा निघाला आणि दुसरा गणित विरुद्ध वाचन असा. या दुसऱ्यात गणित धन धरायचं की वाचन, हे चाचण्यांच्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नाही. भूमितीतून मोजमापाकडे येताना हा प्रश्न शास्त्रात शिरला, आणि आपण अजून त्यातच आहोत.

मानसशास्त्रज्ञांची स्वतःची वाट आधीपासून होती. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली बुद्धिमत्तेचा एक सामान्य घटक मांडला, थर्स्टन यांनी पुढे अनेक घटक मांडले, आणि त्यातून घटक विश्लेषण नावाची वेगळी शाखा वाढली. तिच्यात अक्ष फिरवून सोयीच्या जागी आणण्याची मुभा असते. मुख्य घटक विश्लेषण आणि घटक विश्लेषण ही भावंडं प्रोग्रॅमच्या एकाच मेनूत शेजारी-शेजारी बसवल्यामुळे विद्यार्थ्यांचा जो गोंधळ होतो, तो या पुस्तकात जागोजागी सोडवला आहे. स्पिअरमन यांच्या सामान्य घटकाला मात्र चिन्हाचा त्रास सहसा झाला नाही, आणि त्यामागे एक देखणं प्रमेय आहे. सगळे सहसंबंध धन असतील तर पहिल्या घटकाचे सगळे भार एकाच चिन्हाचे येतात. पेरॉन यांनी १९०७ साली धन मॅट्रिक्सविषयी हे सिद्ध केलं. तेव्हा सगळे धन करून टाकायचे आणि 'जास्त गुण म्हणजे एकूण जास्त' असं वाचायचं. पण दुसरा घटक पहिल्याशी काटकोनात असावा लागतो, म्हणून त्याचे भार मिश्र चिन्हांचे असणं अटळ आहे. धान्य विरुद्ध कडबा, उंची विरुद्ध साखर, गणित विरुद्ध वाचन, अशा 'विरुद्ध'वाल्या घटकांत स्वाभाविक अशी बाजूच नसते. विद्यार्थी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या घटकापाशीच अडकतात, त्याचं कारण हे.

आपल्याकडे या विषयाची पाळंमुळं माणसांच्या मोजमापात आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मानवमितीच्या प्रश्नांतूनच १९३६ साली आपलं अंतराचं माप सिद्ध केलं. पुण्यात डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरचा ग्रंथ १९५१ साली निघाला. समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांनी एका ग्रंथावर मिळून काम करणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. शेतीच्या बाजूने वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं शेती-संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं, आणि पुढे कृषी महाविद्यालयांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. सी. आर. राव यांनी १९६४ साली 'संख्या' या नियतकालिकात मुख्य घटकांचा वापर आणि अर्थ यांवर प्रदीर्घ निबंध लिहिला. घटक काढण्याइतकंच घटकाचा अर्थ लावणं हेही काम आहे असं मानणाऱ्याने तो एकदा तरी वाचावा.

आणि दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. १९४३ साली ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, आणि त्याच वर्षी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावरचा निबंध छापून आला. दहा-वीस मापांऐवजी एक सलग वक्रच मोजला असेल, उदाहरणार्थ दिवसभराचं तापमान, तर त्याचे मुख्य घटक कसे काढायचे, हा त्याचा विषय. या पद्धतीला आज जगभर कारहुनेन आणि लोएव्ह यांची नावं आहेत, त्यांचं काम १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. कोसंबींचा निबंध त्याआधीचा. प्रवाहांच्या खळबळीचा अभ्यास करणारे आता त्यांचं नाव घेऊ लागले आहेत, तरी आपल्याच पाठ्यपुस्तकांत ते अजून क्वचितच दिसतं. या पुस्तकात ते ठसठशीत घेतलं आहे.

हवामानशास्त्रात हेच गणित १९५६ साली एडवर्ड लोरेन्झ यांनी आणलं. तिथे भार म्हणजे नकाशा आणि गुण म्हणजे वर्षावर्षांची मालिका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनचा अभ्यास करणाऱ्यांना नकाशा आणि मालिका एकत्रच उलटायची ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. नकाशात कोकण धन आणि मालिकेत एखादं दुष्काळी वर्ष ऋण असेल, तर दोन्ही मिळूनच त्या वर्षी कोकणात पाऊस कमी झाला असं वाचता येतं. नुसता नकाशा दाखवून 'इथे पाऊस जास्त' म्हणणं निरर्थक ठरतं. शेतीच्या प्रबंधांत मात्र भारांचा तक्ता एका पानावर, गुणांची आकृती दहा पानांनंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून काढलेली, असं सर्रास आढळतं.

मग संगणक चिन्ह ठरवतो तरी कसं? बहुतेक वेळा ठरवत नाहीच, ते आपोआप पडतं. आयगेन सदिश, म्हणजे घटकाच्या भारांची ओळ, काढण्याची सर्वांत साधी पद्धत म्हणजे कुठलाही एक सदिश घेऊन त्याला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणत राहणं. सुरुवातीचा सदिश ज्या बाजूला झुकलेला असेल त्या बाजूचं चिन्ह शेवटी मिळतं. आजचे प्रोग्रॅम यापेक्षा पक्क्या पद्धती वापरतात. त्या १९५८ ते १९७० या काळात हाउसहोल्डर, फ्रान्सिस, गोलब, राइन्श अशा मंडळींनी घडवल्या. हाउसहोल्डर यांच्या पद्धतीत सदिशाचं आरशासारखं परावर्तन करतात आणि त्या वेळी दोन चिन्हांपैकी एक निवडावं लागतं. निवडताना पाहतात ते एवढंच, की दोन जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा होऊन अचूकता वाया जाऊ नये. तिथे ज्वारी नाही, धान्य नाही, कडबा नाही, दशांश वाचवण्याची काळजी आहे. पुढे हीच कामं लॅपॅकसारख्या गणिती प्रोग्रॅमांच्या ग्रंथालयांत बांधली गेली, आणि त्यांच्याही संगणकाच्या प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. म्हणून एकच 'आर' दोन संगणकांवर वेगवेगळी चिन्हं देऊ शकतो. तक्त्यातल्या ओळींचा क्रम बदलला तरी चिन्ह बदलू शकतं. 'आर'च्या मदतपानावरच, भारांची चिन्हं स्वैर आहेत आणि प्रोग्रॅमगणिक बदलू शकतात, अशा अर्थाची स्पष्ट सूचना दिलेली आहे. विद्यार्थ्यांनी ती पहिल्या दिवशी वाचावी.

काही प्रोग्रॅम आपापला नियम लावतात. 'आर'मधलं प्रिनकॉम्प पहिल्या मापाचा भार ऋण राहू देत नाही. त्याच्याच शेजारचं पीआरकॉम्प असा नियम लावत नाही. मॅटलॅब प्रत्येक घटकातला आकाराने सर्वांत मोठा भार धन करतं. पायथनमधलं सायकिट-लर्नही मोठ्यात मोठा आकडा धन करतं, मात्र तो आकडा गुणांतला घ्यायचा की भारांतला, हे आवृत्तीनुसार बदललं आहे. ब्रो, अकार आणि कोल्डा यांनी २००८ साली सुचवलेला मार्ग असा, की ज्या दिशेला प्रत्यक्ष माहितीचा कल जास्त असेल ती बाजू धन धरावी. यातल्या प्रत्येक नियमाचा उपयोग आहे आणि प्रत्येकाला ठिसूळ जागाही आहे. पहिल्या मापाचा भार शून्याच्या जवळ असेल तर एक रोप कमी-जास्त झाल्यानेही सगळी चिन्हं उलटतात. धान्याचा भार ०.६१ आणि कडब्याचा -०.६० असेल तर 'सर्वांत मोठा' कोण, हे पुढच्या हंगामात पालटू शकतं.

म्हणून या पुस्तकाचा आग्रह वेगळा आहे. चिन्ह संशोधकाने ठरवावं, विषयाच्या जाणकारीने ठरवावं, निकाल पाहण्याआधी ठरवावं, आणि तसं लिहावं. 'दुसऱ्या घटकात धान्य-उत्पन्नाचा भार धन धरला आहे' एवढं एक वाक्य पद्धतीच्या प्रकरणात आलं, की पुढचा वाचक कुठल्याही प्रोग्रॅमने तीच आकृती काढू शकतो. चिन्ह प्रोग्रॅमवर सोडणं म्हणजे निष्कर्षाचा एक भाग, अजाणता का होईना, दुसऱ्याच्या हाती देणं आहे असं माझं ठाम मत आहे.

याचं वजन कळण्यासाठी शेताबाहेर पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहेत. त्यात कुटुंबाचं उत्पन्न विचारत नाहीत. घर कसं आहे, शौचालय आहे का, चूल कशावर पेटते, दूरचित्रवाणी, फ्रिज, दुचाकी आहे का, असे प्रश्न विचारतात आणि त्या उत्तरांच्या पहिल्या मुख्य घटकावरून संपत्तीचा निर्देशांक काढतात. या पद्धतीचा पाया घालणारा फिल्मर आणि प्रिचेट यांचा २००१ सालचा निबंध भारताच्याच १९९२-९३ च्या सर्वेक्षणावर बेतलेला होता. निर्देशांकावरून कुटुंबांचे पाच गट होतात, सर्वांत गरीब ते सर्वांत श्रीमंत, आणि बालमृत्यू, लसीकरण, कुपोषण यांचे तक्ते या गटांनुसार छापले जातात. इथे चिन्ह उलटलं आणि लक्षात आलं नाही, तर गरीब पाचवा हिस्सा श्रीमंत म्हणून छापला जाईल. अनुभवी माणसं फ्रिजचा भार धन आहे ना, एवढं पाहून पुढे जातात. पण कुठल्या वस्तूवरून पाहायचं, हेही जाणून घ्यावं लागतं. शहर-खेडं एकत्र धरलेल्या निर्देशांकात गाई-म्हशी आणि शेतजमीन यांचे भार ऋणही येऊ शकतात, कारण शहरातल्या पक्क्या घरांत ती नसतात. प्रवरेच्या काठच्या माणसाला दावणीच्या चार गाई म्हणजे संपत्ती वाटणं स्वाभाविक आहे. त्या समजुतीने गाईंचा भार धन करायला जाल, तर अख्खा निर्देशांक उलटा कराल.

दुसरी जोखीम संगणकानेच वाढवली आहे. निकालाची विश्वासार्हता तपासण्यासाठी आता तोच तक्ता पुनर्नमुना पद्धतीने, म्हणजे त्यातल्याच ओळी चिठ्ठ्यांसारख्या पुन्हा पुन्हा उचलून, हजार वेळा चाळतात आणि हजार वेळा घटक काढतात. प्रत्येक खेपेला चिन्ह आपापलं पडलं, तर ०.७ आणि -०.७ यांची सरासरी शून्याकडे जाते, आणि भक्कम घटकही अगदी कमकुवत दिसतो. सरासरी काढण्याआधी प्रत्येक खेपेचा घटक मूळ घटकाशी जुळवून घ्यावा लागतो. काही प्रोग्रॅम हे आपण होऊन करतात, काही करत नाहीत.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, कारण 'चिन्हच तर उलटलंय' म्हणून खरे फरक झाकले जाण्याचाही धोका असतो. दोन तक्त्यांत नुसती चिन्हं वेगळी असतील तर काळजी नाही. आकडेही वेगळे असतील तर कारण शोधलंच पाहिजे. उंची-वजनाच्या वरच्या उदाहरणात 'आर' ०.७०७ दाखवेल आणि एसपीएसएस हा प्रोग्रॅम ०.८९४. दोन्ही बरोबर आहेत, कारण एसपीएसएस भाराला आयगेन मूल्याच्या वर्गमुळाने, इथे १.२६५ ने, गुणून दाखवतं. शिवाय आयगेन मूल्य १ पेक्षा जास्त असलेलेच घटक ते आपणहून ठेवतं, त्यामुळे तिथे दुसरा घटक दिसणारही नाही. प्रचरण काढताना कुणी रोपांच्या संख्येने भागतं, कुणी एक कमी करून. १० रोपांच्या तक्त्यात एवढ्यानेच गुण सुमारे ५ टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे मापं प्रमाणित न करताच विश्लेषण करणं. उंची सेंटिमीटरमध्ये आणि दाण्याचं वजन ग्रॅममध्ये असेल तर पहिला घटक बहुतांशी उंचीचाच होऊन बसतो, आणि उंची मीटरमध्ये लिहिली की तोच घटक पार बदलतो. रिकाम्या चौकटी एका प्रोग्रॅमने वगळल्या आणि दुसऱ्याने सरासरीने भरल्या, तर तुलनाच संपली. आणि दोन आयगेन मूल्यं जवळजवळ सारखी असतील तर घटकाचं चिन्ह तर सोडाच, त्याची दिशाही ठाम नसते. सहसंबंध शून्य असलेल्या दोन प्रमाणित मापांत प्रत्येक दिशा सारखीच चांगली असते. अशा वेळी दोन प्रोग्रॅम पूर्ण वेगळे घटक देतील आणि दोन्ही बरोबर असतील.

या सगळ्यामुळे पुस्तकाची घडण जराशी वेगळी झाली आहे. प्रत्येक तक्ता आधी हाताने, निदान दोन-तीन मापांपुरता, सोडवला आहे आणि मग 'आर', पायथन आणि एसपीएसएसचे निकाल शेजारी-शेजारी ठेवले आहेत. जिथे ते जुळत नाहीत तिथे थांबून कारण सांगितलं आहे. उदाहरणं ऊस, ज्वारी, डाळिंब, शाळा आणि दवाखाना यांतली आहेत, पण त्यांतले आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत. त्यावरून कुठल्या वाणाबद्दल किंवा गावाबद्दल अनुमान काढू नये. परिभाषेत हट्ट धरलेला नाही. सरासरी, सहसंबंध, सदिश हे रुळलेले शब्द तसेच ठेवले, मॅट्रिक्स आणि आयगेन हेही तसेच ठेवले, कारण प्रयोगशाळेत माणसं तेच बोलतात.

वाचकाकडून अपेक्षा थोडी आहे: बारावीपर्यंतचं गणित, एक वही आणि सवड. सिद्धता हव्या असतील त्यांच्यासाठी त्या शेवटी दिल्या आहेत, नको असतील त्यांचं काही अडणार नाही. मात्र संगणक उघडण्याआधी ०.६ सहसंबंधाचं वरचं उदाहरण सहसंबंध ०.८ धरून स्वतः सोडवावं, दुसऱ्या घटकाची चिन्हं उलटावीत, आणि रोपाची उंची नि वजन परत मिळतात का ते ताडून पाहावं. आयगेन मूल्यं १.८ आणि ०.२ आली की पहिलं प्रकरण उघडायला हरकत नाही.